पंचरेषेखालची मराठी ओळ

स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये नवे पान उघडले की ते कोरे दिसते, पण कोरे नसते. पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या पाच आडव्या रेषांच्या, म्हणजे पंचरेषेच्या, दोन रेषांमध्ये किती अंतर ठेवायचे, स्वराची दांडी किती उंच काढायची, तालाचे खंड (बार) वेगळे करणारी उभी बार लाइन किती जाड हवी, शीर्षक कोणत्या फॉण्टमध्ये छापायचे, कवीचे नाव डावीकडे आणि संगीतकाराचे उजवीकडे घालायचे की उलट, शेवटची ओळ पानाच्या कडेपर्यंत ताणायची की जिथे संपते तिथेच सोडायची, अशा शेकडो गोष्टी आपल्या आधी कुणीतरी ठरवून ठेवलेल्या असतात. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘फॉरमॅट’ मेनूतून ‘स्टाइल’ची खिडकी उघडली की हे सारे निर्णय विषयवार मांडलेले सापडतात. ती खिडकी प्रथमच पाहणारा माणूस साधारणपणे घाबरून ती मिटवतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण बहुतेक निर्णय चांगलेच असतात. अडचण सुरू होते ती एखादा निर्णय आपल्याला पटत नाही तेव्हा, आणि त्याहून अधिक, तोच निर्णय प्रत्येक नव्या गाण्यात पुन्हा बदलावा लागतो तेव्हा.

पुण्यातल्या एका हौशी गायनवृंदासाठी मी चार आवाजांत बांधलेल्या मराठी गीतांच्या प्रती तयार करते. वृंदातील काही जण चर्चच्या किंवा शाळेच्या कॉयरमध्ये स्टाफ नोटेशन, म्हणजे पंचरेषेवरचे स्वरलेखन, शिकलेले आहेत, तर काही जण पेटीवर सरगम गिरवून आलेले आहेत. दोघांनाही एकाच प्रतीतून गाता यावे, एवढाच माझा हेतू असतो. या हेतूपायी मूळच्या निर्णयांतले बरेच मला बदलावे लागले, आणि बदललेले निर्णय जपून ठेवण्याची गरज पडली, तेव्हा शैलीच्या फाइलींकडे मी गांभीर्याने पाहू लागले. शैलीची फाइल म्हणजे गाणे नव्हे, गाण्याचा आराखडाही नव्हे. तिच्यात एकही स्वर नसतो. गाणे कसे दिसावे याविषयी घेतलेले निर्णय फक्त तिच्यात असतात आणि ते दुसऱ्या गाण्यावर चढवता येतात.

या निर्णयांचे मोजमाप एका साध्या एककावर उभे आहे. पंचरेषेतील दोन लगतच्या रेषांमधले अंतर म्हणजे एक स्पेस. म्यूझस्कोअरमध्ये ती मूळची १.७५ मिलिमीटर असते, म्हणजे पूर्ण पंचरेषा ७ मिलिमीटर उंचीची होते. दांडीची नेहमीची उंची साडेतीन स्पेस, म्हणजे स्वराच्या डोक्यापासून बरोबर एका सप्तकाइतकी. बीमची, म्हणजे दांड्या जोडणाऱ्या आडव्या पट्टीची, जाडी, सलग गायच्या स्वरांवरची स्लरची कमान, दोन पंचरेषांमधली मोकळी जागा हे सगळे मिलिमीटरमध्ये नव्हे, तर स्पेसमध्ये सांगितलेले असते. त्यामुळे पंचरेषा लहान केली की बाकीचे सगळे आपापल्या प्रमाणात लहान होते. हे इतके सोयीचे आहे, की मजकुराच्या बाबतीत ते तसे नसावे असे कधीकधी वाटते हे लक्षात यायला वेळ लागतो. मजकुराच्या प्रत्येक शैलीत ‘पंचरेषेच्या आकाराप्रमाणे बदल’ अशा अर्थाची एक चौकट असते. ती खूण असेल तर पंचरेषेबरोबर शब्दही बारीक होतात. पान वाचवण्यासाठी पंचरेषा आक्रसली, की रोमन अक्षरे तग धरतात. पण वेलांटी, रफार आणि उकार अंगावर वागवणारी देवनागरी मात्र वाचेनाशी होते. गीताच्या शब्दांपुढची ती खूण मी काढून टाकलेली आहे, आणि माझ्या शैलीच्या फाइलीतला तो पहिला निर्णय आहे.

संगणकापूर्वी हे निर्णय हत्यारांत आणि हातांत राहत असत. युरोपात संगीत धातूच्या पत्र्यावर कोरले जाई, तेव्हा पाच टोकांच्या रास्ट्रल नावाच्या हत्याराने पाचही रेषा एका ओढीत मारल्या जात. रास्ट्रलचे ठरावीक क्रमांक असत, आणि क्रमांक निवडला की पंचरेषेचा आकार ठरला. स्वरांची डोकी, सांकेतिक चिन्हे, शार्प-फ्लॅट हे पोलादी ठशांनी ठोकले जात, म्हणजे ठशांचा संच बदलल्याशिवाय त्यांचा चेहरा बदलत नसे. अंतरे किती सोडायची, दोन स्वर जवळ आले तर कोणाला सरकवायचे, हे मात्र उमेदवारीच्या वर्षांत अंगवळणी पडत असे आणि प्रत्येक प्रकाशनगृहाचा त्यात आपला रिवाज असे. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत गोव्याहून आलेले वादक आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यांत मांडणी करणारे, वाद्यवृंदाचे भाग हातानेच लिहीत. तिथे शैली म्हणजे लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर. ते कागद मुख्यतः ध्वनिमुद्रणाच्या दिवसासाठी असत, त्यामुळे शैली जपून पुढच्या गाण्याला चढवण्याचा प्रश्नच तिथे उद्भवला नाही.

तो प्रश्न प्रकाशनगृहांना होता, आणि म्हणून सॉफ्टवेअरने शब्दही तिथूनच उचलला. जोनाथन आणि बेन फिन या जुळ्या भावांचे सिबेलियस हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर १९९३ साली एकॉर्न संगणकांसाठी विक्रीला आले. त्यात या निर्णयांच्या संचाला पुढे ‘हाउस स्टाइल’ हे नाव मिळाले. त्याआधी, १९८८ साली आलेल्या फिनाले या प्रोग्रॅममध्ये याच कामासाठी ‘लायब्ररी’ होत्या. आघातचिन्हांची वेगळी, कॉर्डच्या नावांची वेगळी, कागदपत्राच्या सेटिंगची वेगळी. सिबेलियसचे लंडनमधले कार्यालय २०१२ साली बंद झाले, तिथली मंडळी श्टाइनबर्ग या कंपनीकडे गेली आणि त्यांनी २०१६ मध्ये डोरिको हा नवा प्रोग्रॅम आणला. त्यात एकच ‘स्टाइल’ नसून निर्णयांचे थर आहेत. स्वर कसे गटात बांधायचे हे एका ठिकाणी, चिन्हे कशी कोरायची हे दुसऱ्या ठिकाणी, पान कसे मांडायचे हे तिसऱ्या ठिकाणी. हे थर वेगळे करण्यामागचा विचार मला सर्वांत पटलेला आहे, जरी माझे रोजचे काम म्यूझस्कोअरवर चालत असले तरी.

म्यूझस्कोअरमध्ये शैली जतन केली, की एमएसएस असा शेपटा असलेली एक फाइल तयार होते. ती साध्या मजकूर-संपादकातही उघडते आणि आत एकेक सेटिंग आणि तिची किंमत अशी यादी दिसते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. या फाइलीत आपण बदललेलेच नव्हे, तर सगळेच निर्णय लिहिले जातात, आणि पानाचा आकार, समास आणि स्पेस हेही याच यादीत मोडतात. त्यामुळे परदेशातल्या कुणी मोठ्या आपुलकीने पाठवलेली, सुरेख दिसणारी शैली आपल्या गाण्यावर चढवली, तर ए-४ आकाराचे पान अमेरिकी लेटर आकाराचे होऊ शकते आणि ओळींची सगळी मांडणी फिरते. शेजाऱ्याकडे एक खुर्ची मागावी आणि त्याने अख्खे बिऱ्हाड आपल्या दारात उतरवावे, तसे ते होते. सिबेलियसमध्ये हाउस स्टाइल आयात करताना कोणकोणते विभाग घ्यायचे हे खुणा करून निवडता येते. डोरिकोत लायब्ररीच्या व्यवस्थापकातून दोन प्रकल्पांतले फरक समोरासमोर ठेवून हवे तेवढेच उचलता येतात. म्यूझस्कोअरमध्ये अशी निवड नसल्याने मी वेगळा मार्ग धरला आहे: प्रत्येक आकाराच्या कामासाठी स्वतंत्र फाइल. वृंदाची ए-४ प्रत, पियानो-साथीची प्रत, आणि सरगमसह शिकवणीची प्रत. फाइली वाढतात हे खरे, पण कोणती कशासाठी आहे हे नावावरूनच कळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी या सगळ्यात पडले, त्या शब्दांच्या ओळीकडे वळते.

पंचरेषेखाली मराठी शब्द लिहिणे हे वरवर पाहता साधे काम आहे. स्वर निवडायचा, अक्षर टाइप करायचे, संयोगचिन्ह दाबले की पुढच्या स्वरावर जायचे. पण हे शब्द कोणत्या फॉण्टमध्ये उमटतात याचे उत्तर जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगवेगळे आहे. म्यूझस्कोअरचा मजकुराचा मूळ फॉण्ट पूर्वी फ्रीसेरिफ होता, आणि त्यात देवनागरी अक्षरे होती. ती फार देखणी नव्हती, पण प्रत्येक संगणकावर सारखीच दिसत. २०२१ च्या आरंभी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून संगीतचिन्हांसाठी लेलँड आणि मजकुरासाठी एडविन हे नवे फॉण्ट आले. लेलँड हा ‘स्कोअर’ या जुन्या स्वरलेखन-प्रोग्रॅमचे जनक लेलँड स्मिथ यांच्या नावाचा आहे. एडविन रोमन लिपीसाठी खरोखर उत्तम आहे, पण त्यात देवनागरी नाही. अशा वेळी संगणक स्वतःहून दुसरा फॉण्ट शोधतो. विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, मॅकवर बहुधा कोहिनूर. दोन्ही स्क्रीनवर वाचण्यासाठी घडवलेले, दोन्हींची रुंदी वेगळी. शब्द रुंद झाले की प्रोग्रॅम स्वरांना एकमेकांपासून दूर सारतो, स्वर दूर गेले की ओळीत मावणारे बार कमी होतात, आणि तेच गाणे एका संगणकावर चार पानांचे तर दुसऱ्यावर पाच पानांचे होऊ शकते. स्वरांत काहीही बदललेले नसते.

यावर उपाय एकच: गीताच्या शब्दांच्या शैलीत देवनागरी फॉण्टचे नाव स्पष्ट लिहायचे. पण शैलीच्या फाइलीत जाते ते फॉण्टचे फक्त नाव, प्रत्यक्ष फॉण्ट नव्हे. ज्या संगणकावर तो बसवलेला नाही, तिथे पुन्हा पर्यायी फॉण्टचाच कारभार सुरू होतो. म्हणून वृंदातील ज्या सहकाऱ्यांना प्रती संपादित करायच्या असतात, त्यांना मी शैलीच्या फाइलीबरोबर फॉण्टही देते, आणि बाकीच्यांना फक्त पीडीएफ, कारण तिच्यात अक्षरे बांधूनच जातात. मुक्त परवान्याचे फॉण्ट निवडण्यामागे हे एक अगदी व्यवहारी कारण आहे.

कोणता फॉण्ट, हा मराठी माणसासाठी केवळ रुचीचा प्रश्न नाही. आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे हिंदी छपाईतल्या अक्षरांपेक्षा वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या लिपीविषयक निर्णयातही त्यांचा आग्रह धरलेला आहे. आजच्या चांगल्या देवनागरी फॉण्टमध्ये बऱ्याचदा दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रॅमने सांगितले, की फॉण्ट आपले वळण पुढे करतो. शब्दप्रक्रियेच्या प्रोग्रॅममध्ये भाषा सांगण्याची सोय असते. म्यूझस्कोअरच्या मजकूर-शैलीत फॉण्ट, आकार, ओळींचे अंतर, रंग, चौकट असे सगळे आहे, भाषा नाही. त्यामुळे ज्या फॉण्टचे मुळातले वळणच मराठी आहे, तोच घेणे भाग पडते. टिरो देवनागरीच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा स्वतंत्र आवृत्त्या आहेत, आणि त्यातली मराठी आवृत्ती मी गीताच्या ओळीसाठी ठरवली आहे. सूचनांसाठी, म्हणजे ‘सावकाश’, ‘फक्त स्त्रिया’, ‘श्वास न घेता’ अशा मजकुरासाठी, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त घेतला आहे. एका पानावर दोनपेक्षा अधिक देवनागरी फॉण्ट मला सहन होत नाहीत. हे माझे मत आहे, नियम नव्हे.

फॉण्ट ठरला की उंचीचा प्रश्न येतो. रोमन शब्दांच्या दोन ओळी एकमेकींखाली जेवढ्या अंतरावर बसतात, तेवढ्यात देवनागरीच्या दोन ओळी बसत नाहीत. वरच्या ओळीतले ‘राष्ट्र’ खाली लोंबते आणि खालच्या ओळीतले ‘कीर्ती’ वर डोके काढते. म्हणून गीताच्या ओळींच्या उंचीचे प्रमाण मूळच्या १०० टक्क्यांवरून वाढवावे लागते, आणि पंचरेषेपासून शब्दांचे किमान अंतरही थोडे अधिक ठेवावे लागते. एका शब्दाच्या अक्षरांमध्ये प्रोग्रॅम ज्या आडव्या रेघा घालतो, त्याने शिरोरेषा तुटलेली दिसते. ते आधी डोळ्यांना खुपते. मी त्या रेघांची लांबी कमी करून पाहिली, आणि त्या काढून टाकण्याचाही विचार केला. पण एक अक्षर चार बार ओढले जात असताना रेघ नसेल, तर गायकाला शब्द संपला असे वाटते. रेघा ठेवल्या.

सरगमची कथा अधिक रंजक आहे. म्यूझस्कोअरमध्ये गीताच्या शब्दांसाठी एक नव्हे, दोन मजकूर-शैली आहेत: एक विषम ओळींसाठी आणि एक सम ओळींसाठी. कडवी एकाखाली एक आली तर आळीपाळीने ती वेगळी दिसावीत, यासाठी ती सोय असावी. मी ती सरगमसाठी वापरते. पहिल्या ओळीत शब्द, दुसऱ्या ओळीत सरगम. सम ओळीचा आकार थोडा लहान, रंग फिका. एका गीताची एकाहून अधिक कडवी पानावर घालायची असतील, तर मात्र ही युक्ती कोलमडते, कारण दुसरे कडवे सरगमच्या वेषात येते. म्हणून शिकवणीच्या प्रतीत कडवी एकामागून एक लिहून काढायची, असे ठरवून टाकले. पाने वाढतात, पण गाणाऱ्याची नजर वरखाली उड्या मारत नाही.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत शुद्ध स्वराला काही खूण नसते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब असते. या खुणा पंचरेषेखाली टाइप कशा करायच्या? टिंबांसाठी नुक्ता आणि अनुस्वार कामी येतात. रेघांसाठी युनिकोडमध्ये वेदपठणाकरिता असलेली दोन स्वरचिन्हे वापरता येतात. अनुदात्ताची रेघ अक्षराखाली आडवी, तर उदात्ताच्या नावाने नोंदलेली रेघ अक्षरावर उभी येते, म्हणजे रे॒ आणि म॑. प्रत्येक फॉण्टमध्ये ही चिन्हे असतात असे नाही, आणि असली तरी प्रत्येक अक्षरावर ती नीट बसतात असे नाही. त्यामुळे सम ओळीसाठी मी अशा फॉण्टचे नाव ठरवले आहे की ज्यात ही दोन्ही चिन्हे ग, रे, ध, नि आणि म यांवर बसलेली मी मोठ्या अक्षरांत तपासून घेतली आहेत. तालाच्या मात्रा दाखवणारी भातखंड्यांची कमान मी घेतलेली नाही, कारण ते काम वरचे स्वर आधीच करत आहेत.

आणखी एक निर्णय सरगमपायी घ्यावा लागला. पंचरेषेवरचा सी हा कायम सी असतो, पण सा जिथे धराल तिथे. ई फ्लॅटमधले गाणे पेटी शिकलेल्या माणसाला ‘काळी दोन’ म्हटल्याशिवाय कळत नाही. म्यूझस्कोअरमध्ये वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या काही रिकाम्या मजकूर-शैली असतात. त्यातली पहिली मी ‘सा = काळी दोन’ अशा नोंदीसाठी राखली आहे. ती शीर्षकाखाली डाव्या हाताला येते आणि वृंदातले बरेच जण पान हाती आल्यावर आधी तीच वाचतात. बारचे क्रमांक मात्र मराठी अंकांत छापता येत नाहीत, शैलीत तशी सोय नाही. ते आंतरराष्ट्रीय अंकांतच राहिले आहेत आणि त्यावाचून कुणाचे अडलेले नाही.

हे सर्व निर्णय एकदा फाइलीत गेले की काम संपले असे वाटण्याचा संभव आहे, पण प्रत्येक गाण्यात काही ना काही अपवाद निघतोच. एखादे जोडाक्षर शेजारच्या अक्षराला भिडते, एखादा ‘हळू’ स्लरच्या कमानीत अडकतो. तो हाताने सरकवला की प्रोग्रॅम त्याची अपवाद म्हणून वेगळी नोंद ठेवतो. नंतर नवी शैली चढवली तरी असे हाताने केलेले बदल जागचे हलत नाहीत. म्हणजे ज्या शब्दाचा फॉण्ट हाताने बदलला, तो शब्द नव्या शैलीतही जुनाच कपडा घालून उभा राहतो. ‘फॉरमॅट’ मेनूत मजकुरावरचे असे हातचे बदल पुसण्याची आज्ञा आहे. ती कामाची आहे, पण मुद्दाम केलेला अपवाद आणि आळसाने केलेला अपवाद यांतला फरक तिला कळत नाही. म्हणून सवयच अशी लावून घेतलेली बरी, की एकच बदल दुसऱ्यांदा करताना हात थांबला पाहिजे. हा बदल या एका जागेचा आहे की या जातीच्या सगळ्या जागांचा? दुसरा असेल, तर गुणधर्मांच्या पट्टीत त्या सेटिंगशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन तो या गाण्याच्या शैलीतच जतन करावा. गाणे पूर्ण झाल्यावर त्यातले असे निर्णय फाइलीत जाण्याच्या लायकीचे आहेत का, हे निवांतपणे पाहावे. गाणे अर्धे असताना मूळ फाइलीला हात लावू नये.

या बाबतीत मला लिलिपाँड आदर्श वाटतो. हान-वेन निन्हाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघांनी १९९६ साली सुरू केलेला हा मुक्त प्रोग्रॅम खिडक्यांचा नाही. त्यात गाणे साध्या मजकुरात लिहायचे आणि प्रोग्रॅमने त्यातून पान घडवायचे. त्यात एखादी गोष्ट बदलायची तर ‘ओव्हरराइड’ लिहावे लागते आणि ती तिथून पुढे लागू राहते; एकाच जागी बदलायची तर आधी ‘वन्स’ लिहावे लागते. नियम कोणता आणि अपवाद कोणता, हे लिहिणाऱ्याला त्या क्षणी सांगावेच लागते आणि वर्षभराने फाइल उघडणाऱ्याला ते वाचता येते. खिडक्यांच्या प्रोग्रॅममध्ये उंदीर थोडा ओढला की अपवाद झाला, आणि तो का केला याचा मागमूस उरत नाही.

लिलिपाँड आणि बाकीचे यांच्यात याहून खोल असा एक फरक आहे, आणि शैलीच्या फाइली सांभाळणाऱ्याने तोच सर्वांत आधी समजून घ्यावा असे मला वाटते. म्यूझस्कोअर आणि सिबेलियसमध्ये शैली चढवणे म्हणजे नक्कल करणे. फाइलीतले निर्णय गाण्यात उतरले, की फाइलीचा आणि गाण्याचा संबंध संपला. उद्या फाइल सुधारली तरी काल छापलेले गाणे जसेच्या तसे राहते. लिलिपाँडमध्ये गाण्याच्या डोक्यावर ‘इन्क्लूड’ लिहून शैलीची फाइल जोडली, तर ते नाते जिवंत असते. शैलीत एक आकडा बदला, आणि ज्या ज्या गाण्याला ती जोडली आहे ते प्रत्येक गाणे पुढच्या वेळी घडवताना बदलून येते. शंभर गाण्यांचा संग्रह एकाच वेळी छापायचा असेल, तर याहून मोठी सोय नाही.

आमच्यासारख्या वृंदाला मात्र नक्कलच मानवते. गायकांच्या हाती छापील प्रती असतात आणि त्यांवर त्यांनी पेन्सिलीने श्वासाच्या जागा, उच्चार, दिग्दर्शकाकडे पाहण्याच्या खुणा केलेल्या असतात. तालमीत ‘दुसऱ्या पानावरची तिसरी ओळ’ असे बोलले जाते. नव्याने आलेल्या सभासदाला सुधारलेल्या शैलीतली प्रत दिली, की त्याची तिसरी ओळ वेगळीच निघते. यावर दोन बंदोबस्त आहेत. एक, बारचे क्रमांक ओळीच्या आरंभीच नव्हे तर दर पाचव्या बारवर छापायचे, कारण मांडणी फिरली तरी ते फिरत नाहीत. दुसरा, ओळ कुठे तोडायची हे शैलीवर न सोडता गाण्यातच लिहायचे, आणि तेही जिथे गीताची ओळ संपते तिथे. ओळ तोडण्याच्या खुणा शैलीच्या फाइलीत जात नाहीत, त्या गाण्याच्या मालकीच्या असतात. एकदा छापून वाटलेल्या गाण्यावर नवी शैली चढवायची नाही, हा आता आमचा रिवाज आहे. ते गाणे ज्या वर्षी छापले त्या वर्षाच्या वेषात राहते, आणि शैलीच्या फाइलीच्या नावात वर्ष घातलेले असल्याने तो वेष पुन्हा सापडतोही.

टेम्प्लेटविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्यात वाद्ये आणि आवाज मांडलेले असतात आणि शैलीही असते, म्हणून नव्या गाण्याची सुरुवात तिथून करावी. पण शैली सुधारली की टेम्प्लेट आपोआप सुधारत नाही, तीही नक्कलच. प्राधान्यक्रमांत ‘मूळ शैली’ म्हणून आपली फाइल नेमून देता येते, आणि सुट्या भागांसाठी वेगळी. ते एकदा करून ठेवावे.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी फिनाले बनवणाऱ्या मेकम्युझिक कंपनीने तो प्रोग्रॅम बंद करत असल्याचे जाहीर केले. पस्तीस वर्षांहून अधिक काळ अरेंजर, बँडमास्तर आणि प्रकाशक यांनी त्या प्रोग्रॅममध्ये आपल्या लायब्ररी रचल्या होत्या. स्वर वाचवणे अवघड नव्हते. त्यासाठी म्यूझिकएक्सएमएल हे देवाणघेवाणीचे स्वरूप २००४ पासून आहे आणि सगळे मोठे प्रोग्रॅम ते वाचतात. त्यात दिसण्याविषयीची माहितीही काही प्रमाणात असते: पानाचा आकार, पंचरेषेचा आकार, काही रेषांची जाडी, संगीताच्या, मजकुराच्या आणि शब्दांच्या फॉण्टची नावे. पण एखाद्या गृहाने वर्षानुवर्षे घासून पुसून ठरवलेले बारीकसारीक निर्णय त्यातून पलीकडे जात नाहीत. लायब्ररीची फाइल फक्त तिच्याच प्रोग्रॅमला वाचता येते.

त्या बातमीनंतर मी माझे निर्णय एका साध्या कागदपत्रात मराठीत लिहून काढले. आकड्यांसह, आणि प्रत्येकापुढे कारण: शब्द पंचरेषेबरोबर लहान होऊ नयेत, कारण रफार दिसत नाही, सरगम शब्दांखाली, कारण पेटीवाल्यांची नजर आधी शब्दांवर जाते, सा कुठे धरला ते शीर्षकाखाली डावीकडे. फाइलीत आकडे असतात, कारणे नसतात, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाताना आकड्यांपेक्षा कारणेच अधिक उपयोगी पडतात. कारण तिथे मोजमाप वेगळे असते, सेटिंगची नावे वेगळी असतात आणि काही वेळा मागितलेली गोष्ट वेगळ्याच दाराने मिळते. एका मैत्रिणीच्या संगणकावर डोरिकोत हा कागद समोर ठेवून बसले, तेव्हा सम आणि विषम ओळींची माझी युक्ती तिथे शोधत राहिले. त्याऐवजी सापडली ती भाषांतराची सोय: गीताच्या प्रत्येक ओळीला तिचे भाषांतर जोडता येते आणि त्याची मजकूर-शैली वेगळी असते. सरगम तिथे घातली. म्हणजे दुसऱ्या कडव्याला सरगमचा वेष चढण्याची अडचणही गेली, आणि प्रत्येक कडव्याखाली त्याची सरगम लिहिता येऊ लागली. फक्त ती भाषांतराची ओळ मुळात तिरप्या अक्षरांत येते, आणि तिरपी देवनागरी मला पाहवत नाही. तेवढे एक बदलले, आणि कागदावर त्या नोंदीपुढे कारणही लिहिले.